बोर्ड ‘ओपन’, फाइली ‘लवकरच’: वाचकांची प्रश्नोत्तरे

मार्च संपला की मला दोनच गोष्टी येतात, जळलेले कूलरचे कंट्रोलर अन् ‘बोर्डाच्या डिझाइनच्या फाइली सगळ्यांसाठी उघड्या ठेवल्या तर खायचं काय’ हा प्रश्न. कंट्रोलरचं बघतो सावकाश, प्रश्नांचं आज उरकतो.

प्रश्न: ओपन सोर्स डिझाइनवरून बोर्ड बनवून विकता येतो का, की फुकटच द्यावा लागतो? (धरमपेठ)

विका. मूळ डिझाइन करणाऱ्याचं नाव ठेवा, लायसन्स, म्हणजे डिझाइन वापरायच्या त्याच्या अटी, पूर्ण वाचा. त्यात ‘नॉन-कमर्शियल’ लिहिलं असेल तर ते ओपन सोर्स नाहीच, मग आधी मालकाची लेखी परवानगी घ्या.

प्रश्न: सर, हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, कूलरच्या पंपाचे टायमर बोर्ड बनवतो. डिझाइनच्या फाइली नेटवर टाकल्या तर महिन्याभरात कोणी कॉपी करून शंभर रुपये कमी लावेल असं पार्टनर म्हणतो.

पार्टनरला सांगा, कॉपी करणारा तुमच्या फाइलींची वाट पाहत नाही बसला. दोन लेअरचा बोर्ड आहे तुमचा, पार्ट उपटून दोन्ही बाजूंचे फोटो काढले की माझ्याकडे शिकायला येणारा पोरगा एका दुपारात सर्किट कागदावर काढून देतो. लपवून तुम्ही अडवता फक्त त्या मिस्त्रीला, जो भर मे महिन्यात तुमचाच बोर्ड दुरुस्त करून तुमचं नाव राखणार होता.

आर्डुइनोचं पहा, शिकणारी पोरं प्रोग्राम टाकून चालवतात तो छोटा बोर्ड. 2005 मध्ये इटलीत सुरू झालं, त्यांच्या उनो या मॉडेलच्या डिझाइन फाइली खुल्या, कोणीही बनवा, पण ‘आर्डुइनो’ हे नाव ट्रेडमार्क आहे, ते छापायचं नाही. क्लोन, म्हणजे हुबेहूब नकला, ढिगाने आले, तरी मूळ बोर्ड खपत राहिला. तर नाव सांभाळा. वैयक्तिक अर्जदार किंवा लहान उद्योगाला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला 4500 रुपये आहे अन् नोंदणी 10 वर्षं चालते, पण वर्ग चुकला तर पैसे गेले, म्हणून एजंटला दाखवूनच भरा. वॉरंटी तुमची, अन् प्रत्येक बोर्ड खऱ्या पंपावर चालवून बघायचा तुमचा टेस्टिंग जिगही तुमचा, तो घरात ठेवला तर कोणी नावं ठेवणार नाही. शंभर रुपयांचा फरक झेपतो का ते मात्र सीएसोबत बसून काढा, मला विचारू नका.

प्रश्न: रिस्क-फाइव्हची चिप लावली म्हणजे आमचं हार्डवेअर पूर्ण ओपन झालं ना?

नाही. रिस्क-फाइव्हमध्ये खुला आहे तो इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे चिपला कळणाऱ्या आज्ञांची यादी, आतली चिप बंद असू शकते. अन् तुमच्या बोर्डाचं काय ते तर वेगळंच.

प्रश्न: मार्केटिंगवाला मित्र म्हणतो डब्यावर ‘ओपन सोर्स’ छापून टाक, सध्या सर्किटची पीडीएफ दे, खऱ्या फाइली एक सीझन कमावून झाल्यावर टाकू. सगळेच असं करतात म्हणे. (सदर)

‘सगळेच’ म्हणजे कोण जी? एक तरी दाखवा.

मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः असाच एक कंट्रोलर घेतला, कंपनीचं नाव सोडा. डब्यावर मोठ्ठं ‘ओपन’. तीन आठवड्यांत पंप बंदच होईना, उघडला तर पंप चालू-बंद करणाऱ्या निळ्या रिलेचे काँटॅक्ट चिकटलेले, मोटरचा लोड अन् समोर ठिणगी दाबणारा धड स्नबर नाही. म्हटलं डिझाइन बघून सुधारू. क्यूआर मारला तर पान उघडलं ‘फाइली लवकरच’, सोबत एक पीडीएफ, इतकी अंधुक की रेझिस्टर 100 चा की 180 चा ते भिंगातूनही कळेना, अन् बोर्डावरच्या आयसीचा नंबर चक्क घासून काढलेला. बाप्पा, नंबर घासणारा माणूस फाइली कधी देणार होता!

खुलं हार्डवेअर म्हणजे ज्यात बदल करता येतो ती मूळ फाइल द्यायची, किकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं असेल तर किकॅडचीच. पीडीएफ म्हणजे फोटो झाला. अन् ‘नंतर’ हा शब्द धंद्यात घातक आहे, सीझन संपतो, डिझाइन करणारा पोरगा पुण्याला नोकरीला जातो, फाइल त्याच्या लॅपटॉपमध्ये, संपलं.

कमवायचं आहे ना, कमवा, पण छापा तेच जे देता. छोटे कॉम्प्युटर बोर्ड बनवणारे रास्पबेरी पाय बघा, संक्षिप्त सर्किट देतात अन् संक्षिप्तच म्हणतात, 2024 मध्ये लंडनच्या शेअर बाजारात गेले, नफ्याला काही अडलं नाही. उलट मेकरबॉट, थ्रीडी प्रिंटरवाले. ओपन म्हणून लोक जोडले अन् 2012 च्या रेप्लिकेटर 2 या प्रिंटरला दार लावून घेतलं, डिझाइन बंद, ज्यांनी सुधारणा पाठवल्या होत्या तेच सगळ्यात जास्त चिडले. तुम्हाला एक सीझन हवा असेल तर तो सीझन बंद विका, फाइली टाका, त्या दिवसापासून ‘ओपन’ छापा. उलटा क्रम नको.

लायसन्सही विक्रीच्या आधी ठरवा. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या खुल्या हार्डवेअर लायसन्सच्या 2020 च्या दुसऱ्या आवृत्तीत एस, डब्ल्यू, पी असे तीन प्रकार आहेत, एस घेतलं तर तुमचं डिझाइन बदलून विकणाऱ्याला स्वतःचे बदलही खुले करावे लागतात, पी घेतलं तर नाही, डब्ल्यू मधलं. फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातल्या प्रोग्राममध्ये, जीपीएल 2 या सॉफ्टवेअर लायसन्सचा कोड असेल तर सोर्स कोड बोर्डासोबत द्या, नाहीतर किमान 3 वर्षांची लेखी ऑफर, तिथे ‘लवकरच’ चालत नाही. लायसन्स जाणणाऱ्या वकिलाला डबा छापायच्या आधी मसुदा दाखवा, छापल्यावर नाही.

प्रश्न: सीताबर्डीतून घेतलेला उनो कॉम्प्युटर ओळखतच नाही. डुप्लिकेट दिला का?

क्लोन असेल. बऱ्याच क्लोनवर यूएसबीसाठी सीएच340 चिप असते, तिचा ड्रायव्हर टाका. क्लोन गुन्हा नाही, त्यावर आर्डुइनोचं नाव छापून विकलं तर मात्र फसवणूक. आधी केबल बदलून पहा, अर्ध्या केबली नुसत्या चार्जिंगच्या निघतात.

प्रश्न: पेटंट घ्यायचंय अन् डिझाइनही खुलं करायचंय. ओळखीचे म्हणतात आधी टाका, पेटंट मागून होतं.

ओळखीच्यांचं ऐकू नका. आधी अर्ज, मग फाइली. जगासमोर टाकलं की त्यातलं नावीन्य गेलं, अन् नावीन्याशिवाय पेटंट नाही. अजून टाकलं नसेल तर पेटंट एजंटकडे जा. टाकलं असेल तर आजच जा, अन् कोणत्या तारखेला टाकलं ते लिहून न्या.