सामान अडवून घेतलेले पैसे परत मागता येतात, पण सगळे नाही

प्रश्न : सदाशिव पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही ३१ मे रोजी धायरीला राहायला आलो. सामानासाठी कोपऱ्यावरच्या स्टँडवरचा छोटा हत्ती २५ मेला फोनवर ठरवला होता. दोन हमाल धरून साडेचार हजार. धायरीत पोचल्यावर ड्रायव्हरने साडेनऊ हजार मागितले. ‘आधी पैसे टाका, मग दोरी सोडतो’ म्हणाला. आभाळ भरून आलेलं, सासूबाई जिन्यात पिशवीवर बसलेल्या. शेवटी जीपेवर पैसे दिले. सामान वर आल्यावर टीव्हीची स्क्रीन तडकलेली दिसली. पावती काहीच नाही. आमचे हे म्हणतात, पैसे दिले म्हणजे आपण मान्य केलं. खरं आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांसारखंच बहुतेकांना वाटतं आणि म्हणूनच असे टेम्पोवाले निभावून जातात. पण कायदा तसं म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू बेकायदा अडवून ठेवणं, किंवा अडवून ठेवीन अशी धमकी देणं, हीसुद्धा जबरदस्तीच. आणि अशा जबरदस्तीने घेतलेला पैसा परत केला पाहिजे, असं कलम ७२ सांगतं. त्या कलमाखाली कायद्यातच एक उदाहरण दिलेलं आहे. रेल्वे कंपनी जादा, बेकायदा भाडं भरल्याशिवाय माल सोडत नाही, माणूस माल हवा म्हणून भरतो. त्याला जेवढी रक्कम बेकायदा जास्त घेतली तेवढी परत मिळते. रेल्वेच्या जागी छोटा हत्ती ठेवा, तुमचीच गोष्ट आहे.

आता त्यातला ‘तेवढी’ हा शब्द बघा. तुमचं पूर्ण पत्र मी दोनदा वाचलं. ठरवताना गोदरेजचं कपाट आहे हे तुम्ही सांगितलं नव्हतं. ते दुसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवायला दोघांना जमेना, म्हणून तिसरा माणूस बोलवावा लागला. शिवाय नव्या सोसायटीच्या गेटवर ना हरकत पत्राच्या घोळात गाडी दीड तास उभी राहिली, ती तुमच्यामुळे. एवढ्याचे हजार-दीड हजार त्याने मागितले असते तर त्याचं चुकलं नसतं. म्हणून पाच हजारांवर दावा सांगू नका, साडेतीन हजार मागा. आपणहून दीड हजार सोडणाऱ्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावर समोर बसलेल्याचा विश्वास बसतो, हा माझा अनुभव आहे.

टीव्हीचं प्रकरण जास्त भक्कम आहे, कारण तुमच्या मुलाने निघताना काढलेला फोटो. टीव्ही आडवा ठेवलेला, वर गाद्यांची वळकटी आणि त्यावर पत्र्याची ट्रंक. फ्लॅट स्क्रीनचा टीव्ही उभाच न्यायचा असतो, हे हमालाला सांगावं लागत नाही. ताब्यात घेतलेल्या वस्तूची आपल्या वस्तूसारखी काळजी घेणं हे करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे त्याचं काम होतं. पॅकिंग तुमचंच होतं असं तो म्हणेल. फोटोत खोकं नीट दिसतंय, ट्रंकही दिसतेय. सर्व्हिस सेंटरने स्क्रीन बदलण्याचे अठरा हजार तोंडी सांगितलेत, ते लेटरहेडवर लिहून घ्या. त्याआधी टीव्ही दुरुस्त करू नका आणि भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका.

एक तारीख मात्र फ्रिजवर चिकटवा : २१ नोव्हेंबर. भाड्याने माल वाहणाऱ्यांना २००७ चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा लागू होतो. नुकसानीचा दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस पोचलेली असावी लागते. घर हलवलं त्या दिवसापासून नव्हे, ठरवलं त्या दिवसापासून. हा कायदा मला लागू नाही, मी आख्खी गाडी भाड्याने दिली, असा वाद तो घालू शकतो. घालू दे, नोटीस वेळेत गेलेली असली की तो वाद आपल्याला फारसा नडत नाही. याच कायद्याखाली, मालाची जादा किंमत आधी ठरवून घेतली नसेल तर भरपाईला भाड्याच्या दहापट मर्यादा आहे. साडेचार हजारांच्या दहापट पंचेचाळीस हजार, तुमचे अठरा त्यात आरामात बसतात.

नोटीस कुणाला? ड्रायव्हर आणि मालक दोघांना. बहुतेक मालवाहू गाड्यांच्या दारावर मालकाचं नाव-पत्ता रंगवलेला असतो. स्टँडवर जाऊन गाडी नंबरासकट फोटो काढा, भांडण नको. पैसे कोणाच्या नावावर गेले ते जीपेत दिसतंच. साधं मराठी पत्र चालेल : काय ठरलं, काय घेतलं, काय फुटलं, पंधरा दिवसांत एकवीस हजार पाचशे द्या. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

उत्तर नाही आलं तर ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत. एवढ्या रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर आधी शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज केला असता. ते समोरच्याला बोलावून घेतात, तडजोड झाली तर लोक अदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं. स्त्री म्हणून तुम्हाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. रोज स्टँडवर उभा राहणारा माणूस कोर्टाच्या कागदावर सहसा येतो, आणि हप्त्याने का होईना, देतो.

पोलिसांचं विचाराल तर त्या संध्याकाळी दोरी सुटायच्या आधी ११२ ला फोन केला असता तर उपयोग झाला असता. आता चौकीत ‘हे दिवाणी आहे’ असंच ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. अर्ज देऊन पोच घ्या, भिस्त त्यावर ठेवू नका.

‘चढवून-उतरवून साडेचार’ असं तो ज्यात म्हणतो तो व्हॉइस मेसेज हाच तुमचा करार. फोन बदलू नका, तो चॅट पुसू नका. रात्री यजमानांनी ‘पोचलो भाऊ, थँक्स’ असं पाठवलंय, तेही तसंच राहू द्या. त्याच्या फोनमध्ये ते आहेच, आणि त्याच्याखाली दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता तुम्ही टाकलेला फुटक्या स्क्रीनचा फोटोही आहे.