माझ्याबद्दल लिहितो, माझ्याशी बोलत नाही

ताई,
लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची आहे. नवरा वाईट नाही. कसलं व्यसन नाही, घरकामात हात लावतो. पण घरी आला की फोन. मी काही सांगायला लागले की 'हं', 'बोल, ऐकतोय', आणि अंगठा चालूच. हाच माणूस इन्स्टाग्रामवर माझ्याबद्दल असं लिहितो की मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस. गेल्या महिन्यात मी तापात पडले होते, तर झोपेतला माझा फोटो काढून 'माझी फायटर' म्हणून टाकला. दोनशेच्या वर लाइक. मला त्या दिवशी कपाळावर हात हवा होता. भांडण झालं. मी म्हटलं, सगळी अ‍ॅप काढून टाक. त्याने काढली, पाचव्या दिवशी परत आली. आता मीच रात्री त्याचं लास्ट सीन बघत बसते. तो बाहेरच्या खोलीत असतो आणि मी आतून बघते की ऑनलाइन आहे का. कुणाचे फोटो लाइक केले तेही शोधते. लाज वाटते, पण थांबता येत नाही. पुढच्या महिन्यात लग्नाचा वाढदिवस आहे. परत मोठी पोस्ट येणार. ती लाइक करू की नको, इथपर्यंत माझी मजल गेलीय. काय करू?
एक वाचक

तुमची खरी तक्रार कपाळावरच्या हाताची आहे. अ‍ॅप, लाइक, लास्ट सीन हा तिच्याभोवती साठलेला पसारा. तो आवरायच्या युक्त्या पुढे देते, पण आधी तक्रार नीट मांडूया. कारण 'तू किती वेळ फोनवर असतोस' अशी ती मांडलीत की हरणार तुम्हीच. तुम्ही म्हणाल तीन तास, तो म्हणेल दीड, आणि त्यातला निम्मा ऑफिससाठी. वाद आकड्यावर जाईल आणि तिथेच मरेल.

एका घरातली माणसं दिवसभर एकमेकांना बारीकसारीक हाका मारत असतात. 'आभाळ बघ कसलं भरून आलंय.' 'आज पाय अगदी मोडून आले.' वही पुढे धरून उभी राहिलेली मुलगी. मोठ्याने टाकलेला सुस्कारासुद्धा हाकच. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांचं असं बोलणं टिपून ठेवलं आणि सहा वर्षांनी त्यांची परत चौकशी केली. ज्यांचा संसार टिकला होता त्यांनी सुरुवातीच्या त्या नोंदींत शंभरातल्या ८६ हाकांना ओ दिली होती, जे वेगळे झाले त्यांनी ३३. ओ देणं म्हणजे तासभर गप्पा मारणं नव्हे. मान वर करून 'खरंच की, पाऊस येणार' म्हटलं तरी पुरतं.

फोन ही ओ खातो. तुम्ही झोपल्यावर तो तासभर रील बघत बसला तर त्याची झोप जाते, तुमचं फारसं काही जात नाही. पण तुम्ही 'आज डॉक्टर म्हणाले...' असं सुरू करता आणि अंगठा थांबत नाही, ते दहा सेकंद महाग पडतात. असं पुन्हा पुन्हा झालं की माणूस हाक मारणंच सोडून देतो, आणि मग घरात भांडणही होत नाही. तुमचं अजून होतंय, हे मी चांगलं लक्षण समजते.

आता त्याचा अंगठा का थांबत नाही ते. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या कुठल्याही वर्गात शिकवतात. कितव्या टोचीला दाणा मिळेल याचा नेम नसला की कबुतर न थांबता टोचत राहतं, आणि दाणे बंद केले तरी बराच वेळ टोचतं. रीलचं तसंच आहे. पाच फालतू, सहावं झकास. सगळीच झकास असती तर माणूस लवकर कंटाळला असता. त्यात २००६ साली एझा रास्किन या डिझायनरने पान कधी संपूच नये अशी सरकती रचना तयार केली. त्याआधी पान संपायचं, 'पुढे' दाबावं लागायचं, आणि त्या क्षणी 'पुरे आता' म्हणायला जागा असायची. ती जागाच गेली. रास्किन यांनी पुढे या कामाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, पण रचना राहिली ती राहिलीच.

पोस्टची गोष्ट थोडी वेगळी. 'तू आहेस म्हणून मी आहे' असं लिहून टाकलं की दहा मिनिटांत चाळीस बदाम येतात. तेच समोर बसून म्हटलं तर तुम्ही बहुधा विचाराल, 'आज काय झालं तुला?' काही माणसांना, विशेषतः ज्यांना भावना बोलून दाखवायची सवय नाही त्यांना, लिहिणं खरोखर सोपं जातं. त्यामुळे त्या पोस्ट खोट्याच असतील असं धरून चालू नका. पण खरं असलं तरी पत्र ज्याच्या नावाचं त्याच्या हाती न पडता चौकात वाचलं जातंय, ही तुमची तक्रार रास्तच आहे.

अ‍ॅप काढून टाकण्याचा बेत पाचव्या दिवशी फसला यात नवल नाही. एक तर तो हुकूम होता, आणि हुकूम पाळणारा माणूस मनात दिवस मोजत असतो. दुसरं, अ‍ॅप फोनमधून गेलं तरी खातं जागच्या जागी असतं, ते परत बसवायला मिनिटभर लागत नाही. आणि मोकळ्या झालेल्या वेळात करायचं काय, हे कुणीच ठरवलं नव्हतं. संपूर्ण बंदीची तशी गरजही नसते. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १४३ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट दिवसाला प्रत्येकी दहाच मिनिटं वापरलं. तेवढ्यानेही त्यांचा एकाकीपणा आणि उदासी कमी झाली. ती कॉलेजची मुलं होती, संसारी माणसं नव्हेत. पण सगळं सोडावं लागत नाही, एवढं त्यातून दिसतं.

म्हणून तासांऐवजी जागा ठरवा. तीनच: घरी आल्यानंतरची पहिली वीस मिनिटं, जेवण, आणि झोपण्याआधीचा अर्धा तास. या वेळी दोघांचे फोन (दोघांचे, हे महत्त्वाचं) दुसऱ्या खोलीत, आवाज चालू ठेवून. आवाज बंद केला तर 'ऑफिसचा फोन आला असेल' या धास्तीने माणूस दर पाच मिनिटांनी उठून बघून येतो. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढा आणि गजराचं साधं घड्याळ आणा. ही व्यवस्था बहुतेक घरांत गजरावरच मोडते: 'सकाळच्या अलार्मसाठी लागतो' म्हणून फोन उशाशी येतो आणि रात्री साडेबारापर्यंत तिथेच उजेड पाडत राहतो.

एरवीसाठी एकच नियम ठेवा. समोर माणूस असताना फोन उचलायचा तर कशासाठी ते तोंडाने म्हणायचं. 'बिल भरतोय, दोन मिनिटं.' 'ग्रुपवर उत्तर देते.' पोरकट वाटेल, पण पेपर वाचणारा माणूस काय वाचतोय ते पलीकडून दिसतं. फोनची आपल्याला फक्त पाठ दिसते. तो वीजबिल भरत असो की कुणाशी चॅट करत असो, पाठ सारखीच, आणि बघणाऱ्याचं मन मोकळ्या जागा स्वतःच भरत जातं. दुसरं म्हणजे, कारण उच्चारलं की काम संपल्यावर फोन खाली ठेवायची आठवण राहते. आणि कधी कधी माणूस 'मी...' म्हणून अडखळतो, कारण उचलण्याला काही कारणच नसतं. ते त्याला स्वतःलाच कळलेलं बरं.

नोटिफिकेशनही छाटून घ्या. माणसांचे थेट मेसेज आणि कॉल राहू द्या; लाइक, सुचवलेल्या पोस्ट, 'अमुकने बऱ्याच दिवसांनी फोटो टाकला', हे सगळं बंद. मोजायचंच असेल तर तासांपेक्षा फोन किती वेळा उचलला हे बघा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये अनलॉकचा आकडा मिळतो. आयफोनच्या स्क्रीन टाइममध्ये फोन उचलल्यावर पहिलं कोणतं अ‍ॅप उघडलं तेही दिसतं. प्रत्येकाने आपापलाच आकडा बघायचा. वेळमर्यादेचा पासकोड तुमच्याकडे ठेवायची कल्पना कुणी सुचवेल, ती मुळीच घेऊ नका. त्या दिवसापासून तुम्ही बायको कमी आणि जेलर जास्त व्हाल, आणि तो पंधरा मिनिटं वाढवून मागायला तुमच्यासमोर उभा राहील.

आता तुमच्याबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर 'ऑनलाइन' दिसणं म्हणजे त्या क्षणी अ‍ॅप उघडं आहे आणि नेट चालू आहे, इतकंच. तो कुणाशी बोलतोय, काय वाचतोय, हे त्यातून कळत नाही. निळ्या टिकाही चॅट उघडलं की उमटतात, मजकूर मनात उतरला की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. या खुणांवरून तुम्ही रात्रभर जे रचता, त्याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही, आणि झोप मात्र जाते. थांबायला मनोनिग्रह नको, सेटिंग पुरेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीमध्ये स्वतःचं लास्ट सीन 'कुणालाच नाही' करा आणि ऑनलाइनला 'लास्ट सीनप्रमाणेच' निवडा. अटच अशी आहे की आपलं लपवलं की दुसऱ्याचंही दिसेनासं होतं. आपलं दार लावून घेतलं की डोकावायची फटही बुजते. नंतर दोन-तीन रात्री हात तिकडे जाईल, रिकामा परत येईल.

लाइक शोधण्याला मात्र असं बटण नाही. पोस्टखालची नावं चाळत बसणं तुम्हालाच सोडावं लागेल. लाइक म्हणजे अंगठ्याचा एक ठोका. त्यातून शंका आलीच तर ती सरळ विचारा: 'हिच्याशी तुझं बोलणं असतं का?' त्याच्या नकळत फोन उघडू नका. काही सापडलं नाही तर तुमचं समाधान होणार नाही, आणि त्याला कळलं तर विषय तुमच्या चोरीचा होईल. अर्थात तो तुमचे मेसेज तपासत असेल, पासवर्ड मागत असेल, तुम्ही कुठे आहात याचा माग ठेवत असेल, तर हा सल्ला लागू नाही. तो पाळतीचा प्रकार आहे आणि त्यासाठी समुपदेशकाकडे किंवा वकिलाकडेच जावं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

फोटोच्या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. झोपलेल्या, आजारी माणसाचा फोटो त्याला न विचारता टाकायचा नाही. 'टाकू का?' हे दोन शब्द, आणि 'नको' आलं तर कारण विचारायचं नाही. मुलीलाही हाच नियम. सहा वर्षांच्या मुलीला आपला कोणता फोटो आवडत नाही हे पक्कं ठाऊक असतं. तो तापातला फोटो त्याला उडवून द्यायला सांगाल तर 'इतक्या लोकांच्या शुभेच्छा आहेत त्यावर' असं म्हणेल. मग आर्काइव्ह करायला सांगा. पोस्ट इतरांना दिसेनाशी होते, शुभेच्छा त्याच्यापाशी राहतात.

हे सगळं बोलायचं कधी? रात्री अंथरुणावर नाही, आणि त्याच्या हातात फोन असताना तर नाहीच. चालताना, भांडी आवरताना, शेजारी शेजारी असताना बोला. समोरासमोर बसवलं की चौकशी सुरू झाल्यासारखं वाटतं. 'तू नेहमी', 'तुला कधीच' हे शब्द गाळा. एकच प्रसंग घ्या: 'ताप होता त्या दिवशी तू माझा फोटो इन्स्टाग्रामवर टाकलास, पण कपाळाला हात लावून बघितला नाहीस. मला तो हात हवा होता.' एवढं बोलून थांबा. तो लगेच सफाई देईल, देऊ दे. मग विचारा, 'घरी आल्यावर फोनमध्ये तुला काय मिळतं?' आणि उत्तर ऐका. 'डोकं बंद करायचं असतं' असं म्हणाला तर ती त्याची हाक समजा. वीस मिनिटं एकटं बसायला हवी असतील तर घेऊ दे, ती आधी सांगून घ्यावीत एवढंच. लास्ट सीनचंही तुम्हीच सांगून टाका. 'मीही आतून तुझ्यावर नजर ठेवत होते, आता बंद केलंय' हे अवघड आहे, पण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं त्याला आरोपासारखं ऐकू येईल.

तीन आठवडे द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी घसरगुंडी होईल, जेवताना फोन ताटाशेजारी दिसेल. 'बघितलंस, जमत नाही तुला' न म्हणता 'फोन आत ठेवतोस का?' इतकंच म्हणा. तीन आठवड्यांनंतरही तुमच्या हाकेला ओ येत नसेल तर प्रश्न फोनचा नाही, आणि जोडप्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे दोघांनी जावं. तो येत नसेल तर तुम्ही एकट्या जा.

राहिली वाढदिवसाची पोस्ट. लाइक जरूर करा. फक्त त्याला आधीच सांगून ठेवा की जे काही लिहिशील ते टाकण्याआधी माझ्याशेजारी बसून मोठ्याने वाचून दाखव. लाजेल, दोन ओळी गाळेल, कदाचित हसू येऊन मध्येच थांबेल. गाळलेल्या ओळी कोणत्या ते विचारून घ्या.