लिव्हरच्या पेशंटला झोपवून ठेवू नका

प्रश्न: माझ्या वडिलांना लिव्हर सिरोसिस (लिव्हर कडक होण्याचा आजार) आहे, वय 58. पोटात पाणी झालं होतं, गोळ्यांनी ते ओसरलंय. तीस वर्षं यंत्रमागावर उभे राहिलेला माणूस, आता खुर्चीतून उठताना हात टेकतो. घरचे म्हणतात पडून राहा. त्यांना सकाळी सिद्धेश्वर तलावावर फिरायला नेऊ का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर: ताई, अवश्य न्या. हात टेकावा लागतो, म्हणजे मांडीतली ताकद गेली आहे. माझ्या मामांना आम्ही असंच झोपवून ठेवलं होतं. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं, पण वजनकाटा हलत नव्हता, कारण पोटात पाणी भरत होतं. मी फिजिओथेरपिस्ट असून त्यांचे स्नायू झडतायत हे मला उशिरा कळलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

निरोगी लिव्हर रात्रभर पुरेल एवढी साखर साठवतं. सिरोसिसमध्ये तो साठा लवकर संपतो आणि शरीर स्नायू मोडून गरज भागवतं. म्हणून झोपताना थोडं खायला द्या, सकाळीही उपाशीपोटी चालायला नेऊ नका. डाळ, अंडी बंद केली असतील तर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. मीठ मात्र कमी. शेंगाचटणी घरीच कुटा, बेतानं मीठ घालून.

सुरुवात करण्याआधी एन्डोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी) झाली आहे का, अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का, हे डॉक्टरांकडून नक्की समजून घ्या. शिरा फुगलेल्या असतील तर श्वास रोखून जड उचलणं अजिबात नको. पाण्याची घागरसुद्धा नको. बेंबी बाहेर आली असेल तर पोटाचे व्यायाम टाळा. प्रोप्रानोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडीवरून दमल्याचा अंदाज येत नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, इतकाच वेग ठेवा.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि आपलं ऊन यांचं जमत नाही. उन्हाळ्यात सातच्या आत घरी परता. काळी शौच, रक्ताची उलटी, ताप, पोटदुखी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर फिरणं सोडून थेट दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी होकार दिला की खुर्ची भिंतीला लावा. हात न टेकता पाच वेळा उठबस. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. रोजचा आकडा कॅलेंडरवर त्यांनाच लिहू द्या आणि महिन्याने मला कळवा.