निवडणूक आली की जुन्या पेन्शनचा विषय का पेटतो? ती खरंच देता येईल का?

तुम्ही विचारलंय की निवडणूक जवळ आली की प्रत्येक पक्षाला जुनी पेन्शन कशी आठवते, ती देणं राज्याला खरंच परवडेल का, की सगळेच फसवत आहेत. मी १९८५ ते २०१९ अशी चौतीस वर्षं जिल्ह्याच्या कोषागारात लिपिक म्हणून काढली. पेन्शनच्या फायली हेच माझं काम होतं. मला स्वतःला जुनी पेन्शन मिळते, हे आधीच सांगून टाकतो.

जुनी योजना म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम दरमहा, वर वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता, आणि आपल्या पश्चात जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. कर्मचाऱ्याच्या पगारातून यासाठी एक पैसाही कापला जात नसे. जीपीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी कापला जाई, पण तो निवृत्त होताना व्याजासह हातात पडे. सगळा भार सरकारी तिजोरीवर, आणि त्यासाठी बाजूला काढलेला निधी काहीच नाही. त्या त्या वर्षीच्या करातून त्या त्या वर्षीची पेन्शन.

केंद्रात वाजपेयी सरकारने १ जानेवारी २००४ पासून नोकरीला लागणाऱ्यांसाठी हे बंद केलं. सैन्यदलं तेवढी वगळली. आपल्याकडे विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना ३१ ऑक्टोबर २००५ चा शासन निर्णय निघाला आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना डीसीपीएस म्हणजे परिभाषित अंशदान योजना लागू झाली: पगारातून कपात, त्यात सरकारचा हिस्सा, साठेल तेवढं मिळेल, ठरावीक पेन्शनची हमी नाही. पुढे ती केंद्राच्या अशाच एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत मिसळली. म्हणजे केंद्रात भाजप, राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी, आणि निर्णय एकच. या योजनेवर देखरेख करणाऱ्या पेन्शन निधी प्राधिकरणाचा केंद्राचा कायदा २०१३ मध्ये मनमोहन सिंग यांच्या सरकारने मंजूर करून घेतला, तेव्हा भाजपनेही पाठिंबा दिला. आज एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे विसरू नये.

तो शासन निर्णय आमच्या टेबलावर आला तो दिवस मला चांगला आठवतो. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी काळ्या फिती लावल्या नाहीत. का लावतील? कार्यालयात बसलेल्या एकाचंही त्यात काही जात नव्हतं. ज्यांचं जाणार होतं ते त्या दिवशी कुठल्यातरी कॉलेजात होते, डीएडच्या वर्गात होते, काही तर प्राथमिक शाळेत होते. त्यांची संघटना नव्हती, बरेच जण मतदारही नव्हते. म्हणून इतका मोठा बदल एका कागदावर, आवाज न होता झाला. आम्ही संघटनेची माणसंही गप्प बसलो. याची मला आजही खंत वाटते.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. २००५ ला ज्यांच्या खिशातून घेतलं ते समोर नव्हते. आज जुनी पेन्शन देण्याची घोषणा होते तेव्हा ज्यांच्या खिशातून ती जाणार, तेही समोर नसतात. २००६ ला पंचविशीत लागलेला माणूस २०३९ च्या आसपास निवृत्त होईल आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं पेन्शन घेईल. ते बिल भरणारा करदाता आज पाळण्यात आहे. मधल्या काळात एवढाच फरक पडला की २००५ नंतर लागलेले आता लाखांत झाले, त्यांची मतं झाली, घरटी चार-पाच.

त्याहून मोठी एक गोष्ट अशी आहे, जी प्रचारात कुणी बोलत नाही. एनपीएसमध्ये सरकारला दरमहा आपला हिस्सा रोख भरावा लागतो, आधी १० टक्के, पुढे १४ टक्के. जुन्या योजनेवर परतलं की हा हिस्सा त्याच महिन्यापासून वाचतो. वर कर्मचाऱ्याची कपात जीपीएफच्या रूपाने सरकारकडेच येते. म्हणजे घोषणा करणाऱ्या सरकारच्या हातात पुढची काही वर्षं जास्त पैसा खेळतो आणि खर्च उभा राहतो तो तिसऱ्या-चौथ्या सरकारच्या काळात. इतकं सोयीचं आश्वासन दुसरं नाही. राजस्थान आणि छत्तीसगडने तर आधी भरलेले हजारो कोटीही परत मागितले, तेव्हा कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून केंद्राने नकार दिला.

आता आपल्याकडचा क्रम बघा, तारखाच पुरेशा बोलक्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की जुनी पेन्शन देणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. महिन्याभरात विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका लागल्या आणि सभांमधून ‘आम्ही नकारात्मक नाही’ अशी भाषा आली. फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीला निकाल लागले. नागपूरची शिक्षकांची जागा आणि अमरावतीची पदवीधरांची जागा भाजपने गमावली. मग १४ मार्चपासून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सतरा-अठरा लाख कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. सातव्या दिवशी, २० मार्चला, तो मागे घेतला गेला. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली होती. ऑगस्ट २०२४ च्या २४ तारखेला केंद्राने निम्म्या पगाराच्या पेन्शनची हमी देणारी एकीकृत पेन्शन योजना, यूपीएस, मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली, देशात सगळ्यांत आधी. सप्टेंबरमध्ये शिर्डीच्या पेन्शन अधिवेशनात उद्धव ठाकरे यांनी सत्ता आली तर जुनी पेन्शनच देऊ असं सांगितलं. विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला.

म्हणजे ‘दिवाळखोरी’पासून ‘मंजूर’पर्यंतचा प्रवास वीस महिन्यांत झाला. मधे राज्याची तिजोरी काही भरली नव्हती.

पण जुन्या पेन्शनने निवडणूक जिंकता येतेच असंही नाही. हिमाचलमध्ये २०२२ ला काँग्रेसला फायदा झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये सुक्खू सरकारने पहिल्याच बैठकीत ती लागू केली. राजस्थानात गेहलोत आणि छत्तीसगडमध्ये बघेल या काँग्रेसच्याच मुख्यमंत्र्यांनी २०२२ मध्येच ती आणली होती. २०२३ च्या डिसेंबरात दोघांचीही सत्ता गेली. आणि २०२४ च्या लोकसभेच्या जाहीरनाम्यात काँग्रेसने जुन्या पेन्शनचा उल्लेखच केला नाही. देशाचा हिशेब समोर आला की हात आखडतो. हिमाचलमध्ये २०२४ ला पगार आणि पेन्शन काही दिवस लांबली तेव्हा ‘बघा, जुन्या पेन्शनचा परिणाम’ असं बरेच जण म्हणाले. ते बरोबर नाही. तिचं खरं बिल अजून यायचंच आहे. त्या तंगीचा दोष कर्ज आणि आटलेल्या केंद्रीय अनुदानाचा जास्त.

एवढं वाचून मी नव्या योजनेच्या बाजूचा आहे असं वाटेल. तसं नाही. माझ्यासमोर घडलेलं सांगतो. आमच्या शेजारच्या कार्यालयात २००६ ला एक मुलगा लागला. हुशार, कामाला वाघ. २०१४ मध्ये अपघातात गेला. बायको, दोन लहान मुलं. तिचे कागद घेऊन सासरे माझ्याकडे आले. मी आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या फायली केल्या, सेवापुस्तक बघून आकडा तोंडपाठ सांगायचो. त्या दिवशी मला सांगावं लागलं की दरमहा काही नाही. खात्यावर साठलेली रक्कम तेवढी मिळेल, आणि त्यातही कपातीचा हिशेब जुळत नव्हता, सरकारी हिस्सा पूर्ण जमा दिसत नव्हता. त्याच्याच बाजूच्या टेबलावरचा माणूस, सहा महिने आधी लागलेला, तो गेला असता तर त्याच्या बायकोला जन्मभर पेन्शन होती. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे २००९ मध्येच सुधारलं. महाराष्ट्राने सुधारलं २०२३ च्या मार्चमध्ये, संप झाल्यावर. चौदा वर्षं! त्यामुळे ‘कर्मचारी माजले आहेत’ असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही. रस्त्यावर उतरल्याशिवाय त्या विधवांकडे कुणी बघितलं नसतं.

आणि निवृत्त होणाऱ्याचंही गणित धरून बघा. समजा चाळीस लाख साठले. त्यातले किमान ४० टक्के, म्हणजे सोळा लाख, विमा कंपनीकडे वार्षिकीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेत, घालायचे. सहा टक्क्यांनी महिन्याला आठ हजार. महागाई भत्ता नाही, तोच आकडा मरेपर्यंत. उरलेले चोवीस लाख हातात येतात खरे, पण आपल्याकडे ते मुलीचं लग्न, मुलाचं घर आणि दवाखाना यांत किती दिवस टिकतात हे मी पाहिलंय.

मग देता येईल का? माझं मत असं: पेन्शनची हमी हवीच, पण तिच्यामागे दरमहा भरला जाणारा निधी हवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या अभ्यासात म्हटलंय की सगळी राज्यं जुन्या योजनेवर परतली तर बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. हे आकडे मला खोटे वाटत नाहीत, कारण माणसं आता पंच्याऐंशीपर्यंत जगतात. माझ्याच फायलींत असे लोक होते ज्यांनी नोकरीपेक्षा जास्त वर्षं पेन्शन घेतली, आणि ते त्यांचं भाग्यच. यूपीएसची रचना मला त्यातल्या त्यात बरी वाटते: पंचवीस वर्षं सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, महागाईशी जोडलेली, दहा वर्षं झाली असतील तर किमान दहा हजार, पश्चात कुटुंबाला त्या पेन्शनच्या ६० टक्के, आणि केंद्राचा हिस्सा १४ वरून १८.५ टक्के. कर्मचाऱ्यांना मात्र ती पटलेली नाही. पूर्ण पेन्शन हवी तर साठलेली रक्कम निधीतच सोडावी लागते, हे त्यांना बोचतं. केंद्रात पर्याय देण्याची मुदत दोनदा वाढवावी लागली तरी फार थोडे तिकडे वळले.

आता जे मला सगळ्यांत जास्त छळतं ते. माझा धाकटा भाऊ साखर कारखान्यात बत्तीस वर्षं होता. बॉयलरच्या उष्णतेत, हंगामात रात्रपाळ्या. त्याला ईपीएस-९५ ची, म्हणजे कारखान्या-कंपन्यांतल्या कामगारांसाठीच्या १९९५ च्या योजनेची, पेन्शन मिळते, दोन हजार चारशेच्या आसपास. निवृत्त झाला तेव्हाही तेवढीच होती, आजही तेवढीच. त्या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये आहे, सप्टेंबर २०१४ पासून तिला कुणी हात लावलेला नाही. साडेसात हजार आणि महागाई भत्ता द्या म्हणून बुलढाण्यात या म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं, दिल्लीला चकरा मारल्या. ते संप करू शकत नाहीत. कशाचा करणार? निवृत्त माणूस काम थांबवू शकत नाही, म्हणून त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

आणि शेतमजुराची आई? केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना २०० रुपये आहे. राज्य आपलं घालून श्रावणबाळ या निराधार वृद्धांच्या योजनेत १,५०० देतं, तेही दाखले, उत्पन्नाची अट आणि तहसीलच्या फेऱ्या झाल्यावर. २०२४ ला त्याचे २,१०० करू असं आश्वासन महायुतीने दिलं होतं.

नोव्हेंबरात आम्ही दोघं भाऊ हयातीचा दाखला द्यायला एकाच दिवशी जातो. तोच अंगठा, तीच बँक, वयात तीन वर्षांचं अंतर. जानेवारी आणि जुलैचा महागाई भत्ता जाहीर झाला की मला फोन येतात, किती वाढले म्हणून. तेव्हा तो शेजारीच बसलेला असतो, म्हणून मी आकडा मोठ्याने सांगत नाही.