अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गळाने धरलेला पाईक (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) ठेवायला लांबीची अट आहे. तिने तळ्यातले मासे खरंच सुधारतात का?

सुधारतात, पण सगळ्याच तळ्यांत नाही. तुमचा मूळ प्रश्न असा दिसतो की लहान मासा सोडून मोठा ठेवणं हेच शहाणपण असेल, तर उत्तरेकडे उलटा नियम का? मी इथे बरीच वर्षं गळ टाकतोय, आणि मला तो उलटा नियमच जास्त पटतो.

नॉर्दर्न पाईकसाठी, म्हणजे इथल्या याच पाईकसाठी, २०१८ पासून राज्याचे तीन भाग केलेत; त्यातले दोन इथे महत्त्वाचे. दक्षिणेत २४ इंचांखालचा सोडायचा, जवळ दोनच ठेवायचे. मध्य-उत्तरेत मात्र दहा चालतात. २२ ते २६ इंचांमधला प्रत्येक परत पाण्यात, आणि २६ वरचे फार तर दोन. दक्षिणेत पिल्लं कमी, पण वाढ झपाट्याची, त्यामुळे थोडी सवड दिली की मासा अंगाने भरतो. मध्य-उत्तरेत पिल्लांचाच सुकाळ. खाणारी तोंडं फार, म्हणून वाढ खुंटलेली. तिथे किमान लांबी लावली तर मर्यादेच्या जरा अलीकडे बारक्या माशांची दाटी होते, बाकी काही नाही.

अडचण एकच, लोकांनी बारके घरी न्यायला हवेत. पाईकला इंग्रजी वायच्या आकाराचे काटे असतात, म्हणून इथले पुष्कळ जण लहान पाईक साफ करायचाच कंटाळा करतात. पाला नि भिंगसारखे काटेरी मासे खाऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचं काय वाटायचंय! पण आपण कितीसे आहोत?

नियम लागू पडला का, हे एका वर्षात कळत नाही. एखाद्या वसंतात पाणी चांगलं चढलं की एक अख्खी पिढी जगते आणि श्रेय नियमाला जातं. म्हणून आधीची काही वर्षं जाळी टाकून लांबी-वयाच्या नोंदी हव्यात, आणि शेजारची नियम नसलेली तळीही तुलनेला हवीत.

शिवाय सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. इथल्याच मिल लॅक्स सरोवरात वॉलआय (हाही गोड्या पाण्यातला, खायला आवडीचा मासा) सोडल्यावर किती मरत असतील त्याचा अंदाज काढून तो आकडा ठरलेल्या कोट्यातून, म्हणजे पकडायच्या मर्यादेतून, वजा करतात. पाणी तापलेलं असलं की हे प्रमाण वाढतं. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण करू नका, दोरी तोंडाजवळ कापा. मी तर भर उन्हाळ्यात तिथे वॉलआयच्या मागे लागतच नाही.