मोघम पाप आणि साडेअठरा हजार रुपये

भायखळ्याला आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात मागच्या बाजूला एक खोली आहे. शनिवारी दुपारी मी तिथे बसते. दरवर्षी दोन-चार तरुण तरी एकच प्रश्न घेऊन येतात: "ताई, मिशन सेवेला जावंसं वाटतंय, पण माझ्यासारख्या पाप्याला देव कशाला बोलावेल?" त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्याच परवानगीने सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

मुलगा सव्वीस वर्षांचा, अंधेरीला एका कंपनीत बिलिंगचं काम करणारा. उपवासकाळातल्या एका सभेत वक्त्याने बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 6वा अध्याय घेतला. "मी कोणाला पाठवू?" या हाकेला "मी आहे, मला पाठव" म्हणत याने हात वर केला. (मागे कीबोर्ड मंद वाजत असताना वर गेलेल्या हाताला मी खोटं म्हणत नाही. फक्त तो हात सोमवारी सकाळी लोकलच्या गर्दीत कुठे असतो, हेही मला बघायचं असतं.) नंदुरबारकडे काम करणाऱ्या एका संस्थेचा फॉर्मही त्याने आणला होता. पण त्या रात्रीपासून झोप उडाली होती.

"मी फार पापी आहे, ताई. महापापी."

मी आधी नेहमीचे प्रश्न विचारले: जेवण, झोप, जीव नकोसा होतो का, एकच कबुली दिवसातून पुन्हापुन्हा द्यावीशी वाटते का. हे विचारायचं मी कधी चुकवत नाही. क्षमा मागून तासाभरातच पुन्हा तीच भीती, तीच प्रार्थना, एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात, असं चक्र असेल तर तो मंत्रचळाचा आजार असू शकतो. तिथे मी आणखी पश्चात्ताप करायला सांगत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. याचं तसं नव्हतं. त्याची झोप उडवणारी गोष्ट खरोखरच घडलेली होती, आणि 'महापापी' या शब्दाखाली त्याने ती झाकून ठेवली होती.

मी म्हटलं, "यशया काय म्हणतो, वाच."

त्याने वाचलं. यशया नुसतं 'मी पापी' म्हणत नाही. मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे, असं म्हणतो. मग वेदीवरचा निखारा येतो, तो नेमका ओठांनाच लागतो. 'मी कोणाला पाठवू' हा प्रश्न त्यानंतरचा, 8व्या वचनातला.

"तुझा निखारा कुठे लागायला हवा?"

बराच वेळ पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "तोंडालाच."

तीन वर्षांपूर्वी तो तरुण संघाचा खजिनदार होता. लोणावळ्याच्या शिबिरातले 18,500 रुपये त्याने वापरले, मोबाइलच्या आणि इतर हप्त्यांत गेले. हिशेब जुळेना तेव्हा कमिटीपुढे एवढंच म्हणाला, "जेवणाच्या बिलात काहीतरी घोळ दिसतोय." थेट आरोपसुद्धा नाही! जेवण बनवून देणारे काका आमच्याच मंडळीतले, दिव्याला राहणारे. त्यांना कोणी काही विचारलं नाही, पण पुढे कापणीच्या सणाचं जेवण दुसऱ्याकडे गेलं, नाताळचंही गेलं. काका उपासनेला यायचे थांबले.

"म्हणूनच जायचंय, ताई. सगळं आयुष्य तिकडे घातलं तर फिटेल ना?"

इथे मी जरा कडक झाले. म्हटलं, कर्ज दिव्याच्या माणसाचं आणि फेडणार नंदुरबारला? तिथल्या लोकांनी तुझं काय घेतलंय? त्यांच्याकडे जायचं तर तुझ्या पापाची भरपाई म्हणून नको जाऊस. तारणाची किंमत वधस्तंभावर दिली गेली असं तू सभेत गातोस आणि इथे हप्ते पाडून मागतोस. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशूने सांगितलेला क्रमही सरळ आहे: अर्पण वेदीपुढेच राहू दे, आधी भावाकडे जा.

तो दुसऱ्या टोकाला गेला. "मग आधी पूर्ण शुद्ध व्हायचं, नंतर जायचं?" हेही नेहमीचंच. त्याला पंडिता रमाबाईंचं सांगितलं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 सालचा. 1889 साली त्यांनी याच मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. आणि आपण धर्म स्वीकारला पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे शारदा सदन सुरू झाल्यावर. पापाची जाणीव एकदाच होऊन संपते, मग सेवा सुरू होते, असं वेळापत्रक नसतं. येशूचा शिष्य पेत्र तर जाळंभर मासे मिळाल्यावर येशूला म्हणतो, माझ्यापासून जा, मी पापी आहे. येशू काही जात नाही, उलट त्यालाच कामाला लावतो.

पैसे जमवायला त्याला दोन महिने लागले. एका रविवारी दिव्याला गेला. काकांनी नोटा दोनदा मोजल्या, चहा विचारला नाही. म्हणाले, "पैसे मला कशाला? पैसे संघाचे. माझं नाव गेलं, ते कमिटीपुढे जाऊन परत आण."

हे मला सुचायला हवं होतं. मी त्याला पैसे आणि माफी एवढंच सांगितलं होतं. ओठांचं पाप म्हणून मीच निदान केलं आणि औषध खिशाला दिलं.

कमिटीपुढे तो बोलला. कसं बोलला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संघाची सगळी कामं त्याच्याकडून काढून घेतली. पाळकसाहेब काकांना भेटून आले, कापणीच्या सणाचं जेवण पुन्हा देऊ केलं. काका म्हणाले, आता नको. उपासनेला ते अजून आलेले नाहीत.

गेल्या महिन्यात तो फॉर्म घेऊन पुन्हा आला. 'पाचारणाचा अनुभव लिहा', म्हणजे देवाने सेवेला कसं बोलावलं ते लिहा, अशी जागा होती. आधी तिथे सभेबद्दल दोन पानं लिहिली होती, ती फाडून टाकलेली.

"ताई, ते 18,500 चं लिहू?"

"लिही."

"मग घेतील का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "आणि फक्त पैशांचं लिहून थांबू नकोस. काकांचंही लिही."