डोक्यामागचं खळं

आषाढीच्या आधी दिंड्यांचे फ्लेक्स लागले की तेजोवलयाबद्दल पत्रं येतातच. यंदा जरा जास्त आली. त्यातली काही घेतो.

पैठणहून एक वाचक : आमच्या घरी नाथ महाराजांची तसबीर आहे, डोक्यामागे सोनेरी गोल. तसाच गोल येशूच्या चित्रात पाहिला. मूळ कोणाचं? त्यांनी आपलं घेतलं की आपण त्यांचं?

दोघांच्याही आधीचं आहे. सूर्यदेवाच्या डोक्याभोवती किरणं काढायची पद्धत ग्रीकांच्या मडक्यांवर इसवी सनापूर्वीच दिसते. तिकडे इराणात राजाला दैवी तेज लाभतं अशी समजूत होती. ते तेज त्याला सोडून गेलं की राज्यही गेलं. या दोन्ही कल्पना मध्य आशियापासून उत्तर भारतापर्यंत पसरलेल्या कुषाणांच्या राज्यात शेजारी नांदल्या. त्यांच्यातल्या कनिष्क राजाच्या एका सोन्याच्या नाण्यावर बुद्ध उभा आहे, बाजूला ग्रीक अक्षरांत ‘बोद्दो’. डोक्यामागे वलय, शिवाय सगळ्या अंगाभोवती दुसरं. काळ साधारण दुसऱ्या शतकाचा. त्याच राजाच्या दुसऱ्या नाण्यांवर सूर्यदेव ‘मिइरो’ आहे, त्याच्या वलयातून किरणं निघतात. ही नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, मग कोणी कोणाचं घेतलं हा वाद बराचसा निवतो.

येशूला वलय मिळालं ते चौथ्या शतकात. त्याआधीच्या चित्रांत तो वलयाशिवायच असतो. गंमत म्हणजे वलय तेव्हा साधुत्वाचं नव्हतंच, ते थोरपणाचं होतं. इटलीत रावेना इथल्या सहाव्या शतकातल्या चर्चमध्ये रंगीत तुकड्यांच्या भिंतीवर सम्राट जस्टिनियन आणि राणी थिओडोरा, दोघांच्याही डोक्यामागे वलय आहे. दोघंही राज्यकर्ते, पुरते संसारी. आपल्याकडे जहांगीर बादशहानेही स्वतःच्या चित्रांत असंच सोनेरी वलय काढवून घेतलं.

तुम्ही पैठणचे, म्हणून एक पुरवणी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वहीत पैठण आणि तेर या दोन्ही गावांची नावं आहेत. इथून माल भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून जहाजांनी पश्चिमेला. पण तेवढ्यावरून वलय पैठणहून रोमला गेलं असं व्हॉट्सॲपवर लिहू नका, तसा पुरावा नाही.

सोयगाव तालुक्यातून एक विद्यार्थिनी : अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यात वलय असलेला बुद्ध आहे का?

आहे, पण तो त्या लेण्याइतका जुना नाही. दहाव्या क्रमांकाचं लेणं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. तेव्हा तिथे बुद्धाची मूर्तीच नव्हती, पूजा स्तूपाची. डाव्या भिंतीवरच्या अगदी जुन्या, आता काळवंडलेल्या चित्रात राजा आणि त्याचा लवाजमा बोधिवृक्षाला वंदन करताना दिसतो. खांबांवरचे वलयवाले बुद्ध पुढे काही शतकांनी, पाचव्या शतकाच्या सुमारास रंगवले गेले. यातल्याच एका खांबावरच्या आकृतीवर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 साली आपलं नाव कोरून ठेवलंय. आजही वाचता येतं. वाईट वाटतं, पण वाचता येतं.

जाल तेव्हा एक करा. खांबावरचं रंगवलेलं वलय आधी बघा आणि मग पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यातला कोरीव बुद्ध बघा. चित्रकाराला रंगाचा एक सपाट गोल पुरतो. शिल्पकाराची पंचाईत अशी की दगडात उजेड कोरता येत नाही. म्हणून गुप्तकाळातल्या मथुरेच्या कारागिरांनी वलयाच्या मधोमध कमळ फुलवलं आणि भोवती पानाफुलांच्या माळा गुंफल्या.

लातूरहून एक गृहिणी : सासूबाईंनी दिलेली पितळी प्रभावळ घासताना वरच्या बाजूला डोळे वटारलेलं एक तोंड दिसतं. मुलगी म्हणते राक्षस आहे. देवाच्या डोक्यावर राक्षस कसा?

मुलगी फारशी चुकलेली नाही. ते कीर्तिमुख. जालंधर या असुराचा दूत होऊन राहू शंकराकडे पार्वतीची मागणी घेऊन गेला. शंकराने रागाने एक भुकेलं भूत निर्माण केलं, ते राहूवर धावून गेलं. राहू शरण आला, शंकराने अभय दिलं. आता भूत म्हणालं, मी खाऊ काय? शंकर म्हणाले, स्वतःला खा. त्याने पायांपासून सुरुवात केली, शेवटी तोंड तेवढं उरलं. शंकर खूश झाले, माझ्या दारावर राहा म्हणाले. म्हणून ते प्रभावळीवर असतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या देवळांच्या उंबरठ्यावरही.

प्रभावळीच्या खालच्या दोन टोकांना बहुधा मकर, म्हणजे मगरीसारखे प्राणी असतात, तेही शोधा. आणि चिंचेने लख्ख घासून झाली की अंधारात निरांजन लावून बघा. पितळेवरून परतलेला उजेड मूर्तीच्या खांद्यांवर येतो.

नांदेडहून : आमच्याकडे एकाने यंत्र आणलंय, ते माणसाच्या तेजोवलयाचा रंगीत फोटो काढून देतं. खरं असतं का?

पैसे द्यायच्या आधी विचारलंत, बरं केलंत. असे फोटो बहुतेक वेळा किर्लियन नावाच्या रशियन तंत्रज्ञाच्या 1939 च्या प्रयोगाच्या नावावर खपवतात. त्यात विजेचा दाब देऊन हवेत ठिणगीसारखी चमक पाडतात. बोटाला घाम जास्त तर चमक वेगळी. नाण्याचाही असा फोटो येतो.

परभणीहून एक शेतकरी : थंडीत सकाळी हरभऱ्यात पाणी द्यायला गेलो तर माझ्या सावलीच्या डोक्याभोवती पांढरा उजेड दिसला. घरी सांगितलं तर हसले.

हसू द्या. दवाचा थेंब भिंगासारखा काम करतो. सूर्य तुमच्या पाठीशी असतो, थेंबांवर पडलेला प्रकाश आला त्याच वाटेने परततो आणि नेमका तुमच्या डोळ्यांकडे येतो. म्हणून चमक सावलीच्या डोक्याभोवतीच. जर्मन लोक तिला ‘संताचं तेज’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. सोळाव्या शतकातला इटालियन सोनार आणि मूर्तिकार चेल्लिनी याला ती दिसली, तेव्हा ती दैवी कृपेची खूण आहे असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं.

चंद्राभोवती पडतं ते खळं वेगळं. उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या कणांत प्रकाश वळतो आणि ते होतं. हात लांब करून वीत ताणली की चंद्रापासून कड्यापर्यंतचं अंतर जवळजवळ तेवढंच भरतं. आपण त्याला खळं म्हणतो, कारण तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरवून मळणी करायची जागा, तिलाही खळंच म्हणतात, गोल. तेजोवलयाला इंग्रजीत ‘हेलो’ म्हणतात. तो शब्द ग्रीकातून आलेला, आणि ग्रीकात त्याचा मूळ अर्थ धान्य मळायचं खळं.

उद्या पुन्हा शेतात गेलात तर शेजाऱ्याला बाजूला उभं करा. तुम्हाला चमक तुमच्याच सावलीभोवती दिसेल, त्याला त्याच्या.